गॅलापागोस: एका दिवसात दोन डाइव्ह आणि किनाऱ्यावरचे प्राणी (आखणी, सामान, पाण्याची ओढ)

समुद्रफेस, दादर

मंडळी, तारकर्ली, नेत्राणी, अंदमान झाल्यावर आपल्याकडच्या डायव्हर मंडळींचा पुढचा प्रश्न हमखास इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांचा असतो. जहाजावर आठवडाभर राहायचं तर खर्च फार, म्हणून बरेच जण बेटावर मुक्काम करून एकेका दिवसाच्या डाइव्ह घेतात. त्या एका दिवसाची नीट आखणी मराठीत कुठे सापडत नाही, म्हणून हा धागा. प्रवासवर्णनं नकोत, कामाची माहिती टाका.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण तिथे सगळं पाण्यावर ठरतं. बेटं विषुववृत्तावर आहेत म्हणून पाणी कोमट असेल, हा समज मुंबईतच सोडून द्या. जून ते नोव्हेंबर दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी येतं. तेव्हा तापमान १८ ते २३ अंश, वर ढगाळ हवा आणि बारीक रिमझिम असते. डिसेंबर ते मे पाणी २३ ते २७ अंशांपर्यंत चढतं, समुद्र शांत होतो, ऊनही कडक पडतं. दोन्ही ऋतूंत खाली थर्मोक्लाइन लागू शकतो, म्हणजे पंधरा मीटरच्या खाली एकदम चार-पाच अंशांनी पाणी गार. हेच गार पाणी खालून पोषक द्रव्यं वर आणतं. त्यावर मासे जगतात आणि माशांमागे शार्क, बूबी पक्षी, सी लायन सगळे येतात. थंडी आणि ओढ नको, फक्त प्राणी हवेत, असं तिथे जमत नाही.

मुक्कामाला दोन गावं सोयीची. सांताक्रूझ बेटावरचं पोर्तो आयोरा आणि सान क्रिस्तोबालवरचं पोर्तो बाकेरिसो मोरेनो. पहिल्याहून गॉर्डन रॉक्स, सेमूर नोर्ते, मोस्केरा, डॅफ्ने ही ठिकाणं होतात. दुसऱ्याहून मुख्यतः लिऑन दोर्मिदो, म्हणजे किकर रॉक.

व्हेल शार्क मात्र या दिवसाच्या सफरींत शोधू नका. ते उत्तरेला डार्विन आणि वुल्फ बेटांपाशी, साधारण जून ते नोव्हेंबरमध्ये दिसतात आणि तिथे राहत्या जहाजाशिवाय पोचता येत नाही. डार्विन बेटाजवळची ती प्रसिद्ध दगडी कमानही १७ मे २०२१ रोजी कोसळली. जुन्या फोटोंवरून बेत आखणाऱ्यांनी लक्षात घ्या.

खंड्या, मुलुंड

छान धागा. माझ्याकडे अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर प्रमाणपत्र आहे, डाइव्ह सगळ्या नेत्राणी आणि स्वराज द्वीपच्या, ३ मिमी सूटमध्ये. बायको डाइव्ह करत नाही, पण तिला पक्ष्यांची आवड आहे. सांताक्रूझवर दोन दिवस धरलेत. गॉर्डन रॉक्सबद्दल कुणी म्हणतं जायलाच हवं, कुणी म्हणतं वॉशिंग मशीन आहे, जाऊ नका. नक्की काय समजायचं?

डोलकाठी, वर्सोवा

खंड्या, दोन्ही बरोबर आहेत, कारण गॉर्डनचं पाणी तासातासाला बदलतं.

आधी जागा समजून घ्या. गॉर्डन रॉक्स म्हणजे समुद्रात फुटलेल्या एका लहान ज्वालामुखीच्या तोंडाची उरलेली कड. लाव्हा आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की स्फोट होऊन राख उडते. ती थिजून जो खडक होतो तो टफ. टफ ठिसूळ असतो, लाटांनी कातरला जातो. इथे कडेचे मोजकेच सुळके पाण्यावर राहिलेत आणि मधे खोलगट भाग आहे. भरती-ओहोटीचं पाणी फटींतून आत शिरतं, गोल फिरतं आणि कडेवरून वर किंवा खाली वळतं. वॉशिंग मशीन हे नाव त्यावरूनच पडलं. हॅमरहेडचे (हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचे) थवेही याच कारणाने कडेला रेंगाळतात.

म्हणून पहिला प्रश्न तारखेचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या जवळ भांगाची भरती असते, पाणी त्यामानाने सुसह्य. पंचांग बघून डाइव्हचा दिवस ठरवा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. दोन दिवस हातात असतील तर भांगाकडचा दिवस गॉर्डनला आणि दुसरा सेमूरला.

पाण्यात उतरणं वेगळं आहे. बोटीच्या काठावरून मागे पडायच्या आधीच बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) पूर्ण रिकामं करायचं आणि थेट खाली जायचं. वर तरंगत ओके करत बसलात तर बघता बघता गट पांगतो. त्यामुळे बोटीवरच या गोष्टी झाल्या पाहिजेत: मास्क घट्ट, टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना प्रेशर गेजचा काटा हलतोय का ते बघणं, आणि नाक दाबून कान एकदा कोरडेच फुगवून घेणं. काटा श्वासागणिक खाली-वर होत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. खाली गेल्यावर हे कळलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या मीटरपासून कान मोकळे करत राहा, दुखायची वाट बघू नका. एक कान अडकला तर बडीला (जोडीदार डायव्हरला) खूण करून कड्याला धरून थांबा, मीटरभर वर या, मग पुन्हा.

कड्याशी पोचलात की खडक धरून बसायचं. हातमोजे हवेतच, कारण खडक बार्नेकलने (चिकटून राहणाऱ्या धारदार कवचाच्या जीवांनी) भरलेला असतो आणि उघडा हात चिरतो. धरायच्या आधी त्या जागेकडे नीट बघा. स्कॉर्पियनफिश खडकाच्याच रंगाचा असतो आणि भेगेत मोरे ईल असते. प्रवाळ किंवा जिवंत काही असेल तिथे हात लावायचा नाही.

आता खाली खेचणारी ओढ. ओळख अशी: तुमचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी आडवे किंवा खाली जायला लागतात, कानावर दाब अचानक वाढतो, डाइव्ह कॉम्प्युटरवरचा खोलीचा आकडा पायांची हालचाल न करताही पळतो. अशा वेळी सरळ वर पोहायचा प्रयत्न करू नका. दम लागतो आणि हवा संपते, वर मात्र येत नाही. कडा हाताशी असेल तर तो धरा आणि हातांनी तिरकं चढत या. कडा सुटला असेल तर कड्यापासून आडवं लांब पोहा. ही ओढ बहुधा कड्यालगतच्या अरुंद पट्ट्यात असते. बीसीडीत थोडी थोडी हवा भरा, पण डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायची) दोरी हातात ठेवा. ओढीतून सुटलात की तीच हवा फुगून तुम्हाला वर फेकते. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा.

तुमच्यासाठी स्पष्ट मत: नेत्राणीचा अनुभव चांगला आहे, पण आधी सेमूर किंवा मोस्केराची डाइव्ह करा, मग गॉर्डन. पहिल्याच दिवशी गॉर्डन नको. गाईडने बोटीवरून पाणी बघून आज नको म्हटलं तर हुज्जत घालू नका.

खंड्या, मुलुंड

फार उपयोगी, आभार. हवेचा हिशेब कसा धरायचा? नेत्राणीला पन्नास मिनिटं आरामात मिळतात.

दीपगृह, गोरेगाव

ते पन्नास मिनिटांचं गणित इथे विसरा. आकड्यांत मांडतो.

नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची, २०० बारला भरलेली. समजा ७० बारला वर निघायचं, म्हणजे हातात १३० बार, साधारण १,४४० लिटर. शांत श्वासात पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असं धरू. २५ मीटरवर दाब साडेतीन पट, म्हणजे ७० लिटर. वीस मिनिटं मिळाली. आता थंडी आणि ओढीमुळे तोच श्वास ३० लिटरवर गेला तर खाली १०५ लिटर लागतात आणि तुमच्याकडे जेमतेम चौदा मिनिटं उरतात. माणूस घाबरला की आकडा याहूनही वाढतो. म्हणून दर पाच मिनिटांनी गेज बघायचं आणि १०० बारला गाईडला खूण करायचीच. त्याला वाटलं तर तो गट उथळ पाण्यात नेतो.

नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेलं मिश्रण, घ्या. ३२ टक्के मिश्रणावर २५ मीटरची डाइव्ह अंगात विरघळणाऱ्या नायट्रोजनच्या दृष्टीने हवेवरच्या २० मीटरइतकी पडते. मनोरंजनाच्या डाइव्हिंगच्या नेहमीच्या तक्त्यात २५ मीटरला जास्तीत जास्त २९ मिनिटं आणि २० मीटरला ४५ मिनिटं असतात, फरक बघा. पण ध्यानात ठेवा, नायट्रॉक्सने हवा जास्त वेळ पुरत नाही. ते फक्त नायट्रोजनचं काम आहे. आणि ३२ टक्क्यांची खोलीची मर्यादा ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवायच्या हिशेबाने ३३ मीटर. गॉर्डनच्या मधल्या खोलगट भागात आणि बाहेरच्या अंगाला ती सहज ओलांडता येते, म्हणून कॉम्प्युटरवर मिश्रण टाकायला विसरू नका. टाकीचं मिश्रण स्वतःच्या डोळ्यांनी अॅनालायझरवर बघून मगच सही करा.

एसएमबी, म्हणजे बोटीला तुमची जागा दाखवणारा उभा फुगा, प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, बडीपुरता एक चालत नाही. निदान दीड मीटर उंचीचा, केशरी किंवा पिवळा, ३० मीटर दोरीच्या स्पूलसह. लाटेत लहान फुगा बोटीवरून दिसतच नाही. फुगवायची रीत: पाच-सहा मीटरवर स्थिर व्हा, वर बोट किंवा दुसरा डायव्हर नाही ना बघा. फुगा उलगडा, दोरी नळ्या आणि गेजपासून लांब धरा. तोंडाने किंवा ऑक्टोपसने (जादा रेग्युलेटरने) थोडीच हवा भरा, पाण्याच्या दाबाने ती वर जाताना आपोआप वाढते. मग सोडा आणि स्पूल दोन बोटांत फिरू द्या. स्पूल स्वतःच्या बीसीडीला अडकवून कधीही फुगा सोडू नका. दोरी गुंतली तर तो तुम्हाला घेऊनच वर जातो. ही एक गोष्ट तारकर्लीच्या उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करून हाताला बसवा.

कातळ, अंधेरी पूर्व

दीपगृह आणि डोलकाठी, माहिती उत्तम, पण उंचीचा मुद्दा दोघांकडूनही राहिला. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गॉर्डन आणि सेमूरच्या बऱ्याच बोटी पोर्तो आयोऱ्यातून निघत नाहीत. बेटाच्या उत्तर टोकाच्या इताबाका कालव्यातून निघतात. म्हणजे सकाळी गाडीने बेट आडवं ओलांडायचं आणि डाइव्ह झाल्यावर त्याच रस्त्याने परत यायचं. हा रस्ता मधल्या डोंगरावरून जातो, साधारण ६०० मीटर उंचीवरून. डाइव्हनंतर उंचीवर जाण्याचे नियम ३०० मीटरपासून लागू होतात. दोन खोल डाइव्ह करून तासाभरात ६०० मीटर चढणं म्हणजे अंगातल्या नायट्रोजनला बुडबुडे होऊन बाहेर पडायला फट देणं. बहुतेकांना काही होत नाही, पण सांधे दुखायला लागले, अंगावर चट्टे आले, हाताला मुंग्या आल्या तर प्रवासाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका. ऑक्सिजन मागा.

म्हणून: नायट्रॉक्स वापरा, कॉम्प्युटरही नायट्रॉक्सवरच ठेवा, पण तो दाखवेल त्या वेळेच्या टोकापर्यंत जाऊ नका. दुसरी डाइव्ह १८ मीटरच्या आत ठेवा. सेफ्टी स्टॉप (वर येताना पाच मीटरवरचा थांबा) तीनच्या ऐवजी पाच मिनिटं करा. बोटीवर जेवण उरकून, भरपूर पाणी पिऊन मगच गाडीत बसा. बुकिंग करताना विचारा: बोट कुठून निघते, बोटीवर ऑक्सिजन आहे का, नायट्रॉक्स मिळतो का. गावातूनच निघणारी बोट मिळाली तर प्रश्नच मिटला.

त्याच दिवशी दुपारी डोंगरावर महाकाय कासवं बघायला जायचा बेत बरेच जण करतात. रस्त्यावरच लागतं, म्हणून मोह होतो. तो नको. कासवं दुसऱ्या दिवशी, किंवा डाइव्हच्या आधीच्या दिवशी बघा. लॉस हेमेलोस ही रस्त्याच्या दोन बाजूंची प्रचंड खड्ड्यांची जोडीही तेव्हाच. खालची पोकळी कोसळून ती तयार झाली आहे. भोवती स्कॅलेसियाचं रान आहे. झाड म्हणून वाढणारी ती सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती, जगात दुसरीकडे नाही.

विमानाचंही तेच. अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास थांबायचं असतं, मी २४ धरा म्हणेन. परतीचा मुक्काम कीतोमध्ये असेल तर जास्तच, कारण ते शहर २,८५० मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावरही तुम्ही उंचीवरच राहता. ग्वायाकिल समुद्रसपाटीला आहे, पण विमानाच्या केबिनमधल्या कमी दाबासाठी थांबावं लागतंच.

एक विषयांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या अंधेरीचा गिल्बर्ट हिल, सह्याद्रीचे कडे, हे सगळं ज्या लाव्ह्याचं आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त बिंदूवर (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येणाऱ्या जागी) बाहेर पडला, तो आज रियुनियन बेटाखाली आहे. भारताची प्लेट त्यावरून उत्तरेला सरकली आणि मागे मालदीव, मॉरिशसपर्यंत माळ राहिली. गॅलापागोसलाही तसाच तप्त बिंदू आहे. तिथे नाझ्का प्लेट पूर्वेकडे सरकते, म्हणून पश्चिमेची फर्नांदिना आणि इसाबेला ही बेटं तरुण आणि धगधगती. फर्नांदिनावरचा ला कुंब्रे ज्वालामुखी २ मार्च २०२४ ला फुटला होता. पूर्वेची सान क्रिस्तोबाल, एस्पान्योला म्हातारी आणि झिजलेली. मुंबईच्या माणसाला तिथला काळा बेसॉल्ट परका वाटायचं कारण नाही. ओहोटीला हाजी अली किंवा कार्टर रोडच्या कातळावर बार्नेकल, खेकडे, समुद्री गोगलगाई शोधायची सवय असेल तर तिथेही डोळे लवकर बसतात.

डोलकाठी, वर्सोवा

कातळ, उंचीचा मुद्दा मान्य. म्हणूनच पहिल्यांदा जाणाऱ्याने सान क्रिस्तोबालचाही विचार करावा. किकर रॉकची बोट गावाच्या धक्क्यावरून निघते आणि तिथेच परत येते, डोंगर चढायचा नाही. हाही टफचाच अवशेष, दोन उभे सुळके आणि मधे चिंचोळी खिंड. खिंडीत ओढ असते, पण साधारण एका दिशेची. आत शिरलात की वाहत बाहेर पडायचं. खिंडीतून वर बघा, प्रकाशाच्या पट्टीत गॅलापागोस शार्क आणि कासवं फिरत असतात. हॅमरहेडसाठी बाहेरच्या अंगाला, कड्याला पाठ करून निळ्या पाण्याकडे बघत राहायचं.

हॅमरहेड बुडबुड्यांना बुजतात. मागे पोहत गेलात तर थवा वळून जातो. खाली राहा, स्थिर राहा, श्वास हळू सोडा. ते बहुधा थर्मोक्लाइनच्या खालच्या गार पाण्यात असतात, म्हणून वरच्या कोमट थरातून खाली सावल्या दिसतात. दिवसा ते थव्याने अशा सुळक्यांभोवती राहतात आणि रात्री खायला पांगतात. अंगावरचे परजीवी काढून घ्यायला ते पिवळ्या बार्बरफिशपाशी येतात. असे पिवळे मासे खडक सोडून उठून निळ्या पाण्याकडे निघाले की त्या दिशेला नजर लावा. हा थव्याने राहणारा हॅमरहेड आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आपल्या बाजारातही त्याची पिल्लं येतात, हे जाणून तो थवा बघितला तर किती मोठी गोष्ट बघतोय हे कळतं.

मोहर, ठाणे

सूट आणि वजनाबद्दल कुणी लिहा ना. उंची कमी, अंगकाठी बारीक, थंडी पटकन वाजते.

दीपगृह, गोरेगाव

मोहर, जून ते नोव्हेंबर ७ मिमी सूट, हूड आणि बूट. डिसेंबर ते मे ५ मिमी पुरतो, हूड तरी घ्याच. भाड्याचा सूट घालून हात वर करा. पाठीच्या खालच्या बाजूला पोकळी राहत असेल तर तो सूट परत करा, तिथून पाणी आत-बाहेर होतं आणि दुसऱ्या डाइव्हला दात वाजायला लागतात. मापाचा सूट मिळेल याची खात्री नसेल तर स्वतःचा हूड आणि आतली पातळ बनियन मुंबईहून न्या, सामानात जागा घेत नाहीत. दोन डाइव्हच्या मधे ओला सूट कमरेपर्यंत उतरवून वारा अडवणारं जाकीट घाला.

वजन: ३ मिमीवर चार किलो वापरणाऱ्या साधारण ७० किलोच्या माणसाला ७ मिमीवर सात ते नऊ लागतात. तुम्हाला कमी. पण अंदाजावर राहू नका, पहिली डाइव्ह उथळ जागी घ्यायचं हे आणखी एक कारण. तपासणी डाइव्हच्या शेवटी करायची: ५० बार शिल्लक, पाच मीटरवर, बीसीडी रिकामं, आणि सावकाश श्वासात तुम्ही जागच्या जागी राहिला पाहिजेत. सुरुवातीला तपासलंत तर दोन किलो वाढवून धरा, कारण भरलेल्या टाकीतली हवाच सुमारे पावणेतीन किलोची असते आणि शेवटपर्यंत त्यातली दोन किलो तुम्ही वापरून टाकता.

जाड सूट खाली दाबला जातो आणि त्याचं तरंगणं कमी होतं. २५ मीटरवर तुम्ही एकदम जड होता, बीसीडीत हवा भरावी लागते, वर येताना तीच सोडावी लागते. ३ मिमीच्या सवयीत हे जाणवत नाही. काही गाईड खडकावर टिकायला एक किलो जास्त देतात, तेवढं ठीक. तीन-चार किलो जास्त घेऊ नका, खाली खेचणाऱ्या ओढीत ते तुमच्याविरुद्ध जातं.

बोट लागत असेल तर अॅव्होमिन आदल्या रात्री घ्यायची सवय असते आपल्याकडे. त्याने झोप येते आणि खोल पाण्यात गुंगी वाढू शकते. डॉक्टरांना डाइव्हिंग करणार असं सांगून औषध ठरवा आणि आधी गेटवे-मांडवा लाँचवर वापरून बघा, पहिल्यांदाच तिकडे नको.

रानपाखरू, बोरिवली

आता पाण्याबाहेरचं. खंड्या, तुमच्या पत्नीसाठी हा भाग.

बहुतेक बेटांवर उतरायला त्या जागेचा परवाना असलेली बोट आणि राष्ट्रीय उद्यानाचा मान्यताप्राप्त गाईड लागतो. डाइव्हची बोट सेमूर नोर्तेच्या कड्याखालून जाते, पण तुम्हाला बेटावर उतरवेल असं नाही. म्हणून त्यांनी त्या दिवशी सेमूरची वेगळी सफर घ्यावी. साधारण दोन किलोमीटरची वाट, दोन तास, पायाखाली सुटे दगड, सावली नाही. बूट घट्ट हवेत. निळ्या पायांचे बूबी वाटेच्या कडेलाच घरटं मांडतात. नर शीळ घालतो, मादी भसाड्या आवाजात ओरडते, आणि मादीची बाहुली मोठी दिसते. कारण बाहुलीभोवती काळा रंग असतो. फ्रिगेटबर्डच्या दोन जाती आहेत. नराच्या पाठीच्या पिसांवर जांभळी झाक असेल तर मॅग्निफिसंट, हिरवट असेल तर ग्रेट. मादीत ग्रेटचा गळा पांढुरका आणि डोळ्याभोवती लालसर कडा, मॅग्निफिसंटचा गळा काळा आणि कडा निळी. ८×४२ ची दुर्बीण भरपूर झाली, बहुतेक वेळा तीही लागत नाही. सेमूरवरचे भुईइग्वाना मुळात शेजारच्या बाल्त्रा बेटावरून १९३० च्या दशकात आणून सोडलेले. पुढे बाल्त्रावरचे नष्ट झाले आणि १९९१ पासून तिथे पुन्हा सोडले गेले.

तुम्ही डाइव्हहून दोन-अडीचपर्यंत गावात आलात की दोघांनी तोर्तुगा बे गाठा. निवडुंगांच्या रानातून अडीच किलोमीटर बांधीव वाट, प्रवेशद्वारावर नाव नोंदवायचं, संध्याकाळी सहापर्यंत बाहेर यायचं. पहिल्या लांब किनाऱ्यावर पोहायचं नाही, लाटा आणि ओढ धोकादायक आहेत. पुढच्या शांत खाडीत पोहता येतं. दोन किनाऱ्यांच्या मधल्या काळ्या खडकावर समुद्री इग्वाना असतात.

त्यांना बघायची वेळ ओहोटीची. माद्या आणि लहान इग्वाना पाण्यात खोल जात नाहीत, उघड्या पडलेल्या खडकावरचं शेवाळ कुरतडतात. मोठे नरच बुडी मारतात. गार पाण्यातून आलेला इग्वाना मंद असतो, खडकाला पोट चिकटवून आडवा पडतो, उन्हाकडे कूस वळवतो. थोड्या वेळाने नाकपुड्यांतून फस्सकन पांढरी फवार उडते. नाकाजवळच्या ग्रंथींनी गोळा केलेलं रक्तातलं जादा मीठ ते असं टाकतात, आणि तेच मीठ डोक्यावर पांढरं साचलेलं असतं. त्याच्या आणि उन्हाच्या मधे उभं राहू नका. अंग तापेपर्यंत त्याला पळताही येत नाही. एल निन्योच्या वर्षांत शेवाळ मेलं की हे इग्वाना लांबीनेही आखडतात, पाचव्या हिश्शापर्यंत, आणि अन्न परतलं की पुन्हा वाढतात. हाडं धरून लहान होणारा प्रौढ प्राणी! आणि तो तुमच्यापासून दोन मीटरवर पडलेला असतो.

दोन मीटरचं अंतर हा नियम आहे. प्राणी स्वतःहून जवळ आला तर तुम्ही हळूच मागे सरायचं. फ्लॅश नाही, ड्रोन नाही, खायला घालणं नाही. सी लायनची पिल्लं पाण्यात मास्कपर्यंत येतात, बोटं पुढे करू नका. मोठा नर भुंकत, बुडबुडे सोडत फेऱ्या मारायला लागला तर ती त्याची हद्द आहे, त्याला किनाऱ्याचा रस्ता मोकळा देऊन बाजूला व्हा. पेंग्विनची आशा या दोन गावांवरून फार धरू नका, ते मुख्यतः पश्चिमेच्या इसाबेला-फर्नांदिनाकडे असतात.

मोहर, ठाणे

मुंबईहून निघायच्या आधीची कागदपत्रं कोणी सांगेल का? पीतज्वराच्या लसीबद्दल वेगवेगळं ऐकलंय.

कातळ, अंधेरी पूर्व

लस घ्याच. इक्वेडोर हा भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. परत येताना मुंबई विमानतळावर प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लसीच्या दहा दिवसांनंतर लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि ठरावीक दिवशीच देतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. अंड्याची तीव्र अॅलर्जी, साठीच्या पुढचं वय, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गरोदरपण यांत आधी डॉक्टरांशी बोला, ही जिवंत विषाणूची लस आहे. व्हिसाचे नियम बदलतात, ते दूतावासाकडूनच तपासा.

बेटांवर जाताना मुख्य भूमीच्या विमानतळावर २० डॉलरचं प्रवासी नियंत्रण कार्ड काढावं लागतं आणि सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते. उद्यानाचं शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर. सुटे डॉलर रोख ठेवा, देशाचं चलनच डॉलर आहे.

सामानात ताजी फळं, कढीपत्ता, अख्खे मूग-मटकी, रुजू शकेल असं काहीही नको. घरचा पाकीटबंद चिवडा वेगळा, कढीपत्त्याची जुडी वेगळी. बुटांच्या तळव्यातली माती, वेटसूटच्या बुटातली तारकर्लीची वाळू घासून धुऊन न्या. एका बेटाची वाळूही दुसऱ्या बेटावर जाऊ द्यायची नसते, कारण बाहेरून आलेल्या बिया, मुंग्या, बुरशी यांनीच तिथल्या प्राण्यांचं सर्वांत मोठं नुकसान केलं आहे.

बेटांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. पोचल्यावर पहिला दिवस डाइव्हला नको. झोप न झालेल्या अंगाने ओढीत उतरणं धोक्याचं.

खंड्या, मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलतोय: पहिला दिवस आराम आणि कासवं, दुसऱ्या दिवशी मोस्केरा-सेमूर, एक दिवस वाढवून भांगाच्या तारखेला गॉर्डन. शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण एक दिवस किनाऱ्यावर. शेवटचा प्रश्न: हे सगळं करण्याआधी आपल्याच बॅरन बेटावर सराव करावा का?

समुद्रफेस, दादर

बॅरन सरावाची जागा म्हणून धरू नका, ती स्वतंत्र सफर आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, श्री विजय पुरमच्या ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटर. १९९१ पासून अधूनमधून जागा होतो. बेटावर उतरायला मनाई आहे, बोट न्यायलाही परवानगी लागते आणि ज्वालामुखी किंवा हवामान बिघडलं की बेत रद्द होतो. पाणी कोमट, काळी वाळू, उभे कडे. थंडी आणि जाड सूटचा सराव तिथे होणार नाही.

तुम्हाला हवा तो सराव ऑक्टोबर ते मेच्या मोसमात नेत्राणीला करा: रिकाम्या बीसीडीने थेट खाली उतरणं, पाच मीटरवरून एसएमबी सोडणं, आणि दुकानात मिळाला तर ५ मिमी सूट घालून ५० बारवरची वजन तपासणी. तिथल्या गाईडला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो दुसऱ्या डाइव्हच्या शेवटी त्यासाठी वेळ राखेल.